घोडबंदरला उतरलेले घोडे : रंगीत पेन्सिली, घोड्यांच्या जाती आणि त्यांची मुळं

शिसपेन (कासारवडवली, ठाणे)
२२ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कापूरबावडीच्या सिग्नलला बस अडकली होती. पुढच्या बसच्या पाटीवर 'घोडबंदर' लिहिलेलं. हा शब्द मी वीस वर्षं वाचतेय, पण त्यातला घोडा मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. अरबस्तानातून गलबतांनी आलेले घोडे इथं खाडीकाठी उतरवत, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. पुढे पोर्तुगीजांचा किल्ला झाला, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी घेतला, हे आपल्याला माहीत असतं. पण त्याच्या साडेचारशे वर्षं आधीची एक नोंद मला सापडली आणि तिनंच मला कामाला लावलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलो ठाण्याबद्दल सांगतो की इथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीतला बाकी सगळा माल तुमचा, घोडे तेवढे माझे. राजाकडे स्वतःचे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानाकडे निघालेल्या जहाजावर घोडे असायचेच.

ज्या गावाला घोड्यांची एवढी आस होती, त्या गावात मी राहते, आणि मला मारवाडी आणि अरबी घोड्यातला फरक सांगता येत नव्हता. त्या रात्री लेकाच्या डब्यातल्या शाळेच्या पेन्सिली घेऊन पहिला घोडा काढला. तो गाढवासारखा झाला. मग थांबलेच नाही.

आतापर्यंत नऊ जाती झाल्यात : अरबी, मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झांस्कारी, अखल-टेके, फ्रीजियन, लिपिझ्झानर, फ्योर्ड. एका कागदावर एक घोडा आणि मागे अगदी फिक्या हातानं त्याचा मुलूख. माझी खात्री झालीय की 'घोडा' म्हणून घोडा काढताच येत नाही. तो कुठल्या मातीतून आला हे कळल्याशिवाय त्याचे कान, केस, खूर काहीच जागेवर बसत नाही.

मारवाडीचंच बघा. त्याचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांकडे झुकलेली. मी आधी दोन्ही कान सारखे आणि सममित काढले आणि चित्र मेलं. जिवंत घोड्याचा एक कान तुमच्याकडे आणि दुसरा मागच्या आवाजाकडे असतो. काठियावाडीचे कान तर इतके वळतात की टोकं भिडतात. दोन्ही जाती सुक्या, तापणाऱ्या मुलखातल्या, कातडी पातळ. गालावरच्या शिरा दाखवायच्या असतील तर तिथं रंग चढवायचा नाही, शिरेच्या दोन्ही बाजूंना चढवायचा. हे कळायला मला सात कागद लागले.

झांस्कारी त्याच्या अगदी उलट. लडाखच्या थंडीतलं तट्टू, बहुतेक करड्या रंगाचं, अंगावर दाट केस. तिथं शिरा शोधू नयेत, केसांचे झुबके शोधावेत. मणिपुरी तर ११ ते १३ हात, म्हणजे पाठ फार तर माझ्या खांद्यापर्यंत (एक हात म्हणजे चार इंच), पण आजचा पोलो ह्याच्याच पाठीवर बसून जगात गेला. इंग्रज अधिकाऱ्यांनी आणि चहामळेवाल्यांनी मणिपुरी लोकांना हा खेळ खेळताना पाहिलं आणि १८५९ मध्ये आसामात सिलचरला क्लब काढला.

फ्योर्ड नॉर्वेचा. आयाळीच्या मधोमध काळी पट्टी, दोन्ही कडांना मलईच्या रंगाचे केस, आणि ती आयाळ कापून उभी ठेवतात. काढायला सगळ्यात आनंदाचा हाच.

सर्वांत जास्त रडवलं अखल-टेकेनं. तुर्कमेनिस्तानचा, वाळवंटाच्या कडेचा घोडा, त्या देशाच्या राष्ट्रचिन्हावर आहे. त्याचं अंग धातूसारखं चमकतं. मी सोनेरी पेन्सिल लावून पाहिली आणि तो पितळेच्या मूर्तीसारखा दिसायला लागला. शेवटी समईकडे तासभर बघत बसले. चमक रंगात नसते, गडद आणि उजळ एकमेकांना खेटून येतात तिथं असते. मग क्रीम, पिवळा ऑकर, रॉ अंबर, आणि उजेडाच्या जागी कोरा कागद. कडा मऊ न करता तशाच ठेवल्या.

फोटो खाली जोडलेत. चुका बिनधास्त सांगा. आणि एक विनंती : दहावा कागद मला भीमथडीसाठी ठेवायचाय. भीमेकाठचा, आपल्या घरचा घोडा, आणि त्याचेच चांगले फोटो मिळत नाहीत. कुणाला काही माहिती?

---

रंगवेडा_कोपरखैरणे
२२ नोव्हेंबर, रात्री ११:१५

ताई, अखल-टेके बघून मोबाइल खाली ठेवला आणि दिवा लावून परत बघितलं. कागद कुठला? आणि नाकपुडीजवळचे ते बारीक पांढरे केस पांढऱ्या पेन्सिलीनं काढलेत का? माझी पांढरी पेन्सिल गडद रंगावर उमटतच नाही.

---

शिसपेन
२३ नोव्हेंबर, सकाळी ७:०५

पांढरी पेन्सिल गडद थरावर उमटत नाहीच, तुमचं काही चुकत नाहीये. ते केस रंग लावायच्या आधी काढलेत. शाई संपलेल्या बॉलपेनची रिफिल घ्यायची आणि कोऱ्या कागदावर जरा दाबून केस ओढायचे. खोबण पडते. वरून पेन्सिल आडवी फिरवली की रंग उंचवट्यांवर बसतो, खोबण कोरी राहते. फक्त केस कुठे येणार हे आधी ठरवावं लागतं, नंतर विचार बदलून चालत नाही.

कागद ३०० जीएसएम, म्हणजे चांगला जाड, गुळगुळीत पण अगदी काचेसारखा नाही, थोडा दाणा हवा. दाणा भरला की पुढचा थर घसरतो. मी हलक्या हातानं आठ-दहा थर देते आणि दाबून घोटते ते अगदी शेवटी. आपल्याकडे पावसाळ्यात कागद दमट होतो आणि लाटा येतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवते.

---

पशुवैद्य_पनवेल
२३ नोव्हेंबर, दुपारी २:३०

चित्रं सुंदर आहेत. तुम्ही चुका मागितल्यात म्हणून सांगतो.

१. तुमच्या अरबीच्या नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती गुलाबी रंग आहे. तो घोडा 'ग्रे' आहे, म्हणजे जन्मतः गडद, पुढे केस पिकलेला. त्याच्या केसांखालची कातडी काळी असते. म्हणून तोंडाशी, डोळ्यांभोवती, जिथं केस विरळ तिथं राखाडी-काळं दिसायला हवं. तुमचा लिपिझ्झानर बरोबर आहे, तिथं तुम्ही करडाच घेतलाय. गुलाबी कातडीचा पांढरा घोडा हे प्रकरण वेगळं. वरातीत जी 'नुकरा' घोडी बघतो, तिची कातडी गुलाबी असते. तिच्यासमोर बसून काढलं असेल तर हा गोंधळ साहजिक आहे. केस पिकण्यामागे एकच जनुकीय बदल आहे आणि जगातल्या सगळ्या ग्रे घोड्यांत तो एकाच पूर्वजाकडून आलाय. एखाद्या पांढऱ्या अरबीचं तोंड काढाल तेव्हा हे आठवा, तुमच्या लिपिझ्झानरचाही तो नातेवाईक आहे.

२. डोळा. मारवाडीची बाहुली तुम्ही गोल काढली आहे. घोड्याची बाहुली आडवी, लांबट असते. आणि तिच्या वरच्या कडेला काळे दाणे लोंबतात, काळ्या द्राक्षांच्या छोट्या घडासारखे. भर उन्हात ते बाहुलीवर सावली धरतात. बॅटरी मारून तपासताना मला ते रोज दिसतात. ते काढलेत तर डोळा एकदम खरा होईल.

३. मुळांबद्दल थोडं. २०२१ मध्ये प्राचीन घोड्यांच्या डीएनएचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यावरून आजचे पाळीव घोडे व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाच्या गवताळ प्रदेशातून सुमारे चार हजार वर्षांपूर्वी चहूकडे पसरले असं दिसतं. अरबी, फ्योर्ड, मणिपुरी, सगळे तिथलेच. मंगोलियाचा प्रझेवाल्स्की तेवढा वेगळा. त्याची गुणसूत्रं ६६, आपल्या घोड्यांची ६४. रानातून तो नाहीसा झाला होता, प्राणिसंग्रहालयांतल्या जनावरांपासून वाढवून १९९२ पासून परत मंगोलियात सोडला. अकरावा कागद त्याला द्या.

---

शिसपेन
२३ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

डॉक्टर, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. राम मारुती रोडवर वरात थांबली होती तेव्हा त्या घोडीच्या तोंडाचा रंग मी वहीत उतरवला होता आणि तोच अरबीला चिकटवला. गुलाबी खोडून निघणार नाही, मेण बसलंय. पुट्टी रबरानं जेवढा उचलता येईल तेवढा उचलते आणि वरून करडा-निळसर थर देते. डोळ्यातल्या दाण्यांबद्दल दोन वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून आभार.

---

ऐरोलीचा_वारकरी
२३ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी ह्या वर्षी वारीत रिंगण पाहिलं आणि घरी येऊन माउलींचा अश्व रंगीत पेन्सिलीनं काढला. ताईंसारखा हात नाही माझा. स्वार नसलेला तो घोडा दोन्हीकडच्या टाळकऱ्यांमधून सुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. तो काटा चित्रात येत नाहीये. पुढचे दोन पाय पुढे आणि मागचे दोन मागे, पूर्ण ताणलेले काढलेत. घरच्यांना आवडलं, मला ते उडत्या गालिचासारखं वाटतं. काय चुकलंय?

---

पशुवैद्य_पनवेल
२३ नोव्हेंबर, रात्री १०:२०

पाय. भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे खरं, पण त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. पुढे-मागे ताणलेल्या स्थितीत तो कधीच हवेत नसतो. हे जगाला १८७८ मध्ये कळलं, म्हणजे मायब्रिज ह्यांनी कॅलिफोर्नियात ट्रॅकशेजारी ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा. त्याआधी मोठमोठ्या चित्रकारांनी तुमच्यासारखेच पाय काढलेत. जेरिकोनं १८२१ मध्ये एप्समच्या शर्यतीचं चित्र काढलं, त्यातले सगळे घोडे तसेच आहेत. तुम्ही चांगल्या संगतीत आहात.

---

शिसपेन
२३ नोव्हेंबर, रात्री १०:४५

ह्यात एक भर घालते. इंग्रज चित्रकार स्टब्ज ह्यानं लिंकनशायरमधल्या एका शेतघरात तब्बल दीड वर्ष घोड्यांची शवं टांगून, एकेक थर सोलत, स्नायू आणि हाडं रेखाटली आणि १७६६ मध्ये ती कोरीव चित्रं प्रसिद्ध केली. त्याचे उभे घोडे बघितले की कातडीखाली काय चाललंय ते दिसतं. आणि त्याच माणसाचे पळते घोडे मात्र पाय ताणलेलेच आहेत, कारण डोळ्याला तो क्षण पकडता येत नाही.

वारकरीदादा, तुमच्याकडे रिंगणाचा व्हिडिओ असेलच. मोबाइलवर एकेक फ्रेम पुढे सरकवा. पाय गोळा झालेली फ्रेम सापडेल, ती काढा. आणि धूळ! खुरांखालच्या मातीसाठी कागद तसाच ठेवून कडेनं रंग लावा. काटा तिथून येईल असं मला वाटतं.

---

ऐरोलीचा_वारकरी
२४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

सापडली फ्रेम. चारही खूर पोटाखाली, शेपटी आडवी, आणि एक वारकरी खाली वाकून टापांखालची माती उचलायला तयार. आता परत पहिल्यापासून. राम कृष्ण हरी.

---

नौपाड्यातले_काका
२४ नोव्हेंबर, सकाळी ११:००

माझं वय ७८. मला चित्रातलं कळत नाही, पण घोडे पाहिलेत. आमच्या लहानपणी ठाणे स्टेशनबाहेर टांगे लागायचे. पावसात टांगेवाला स्वतः भिजायचा आणि घोड्याच्या पाठीवर गोणपाट टाकायचा. गिऱ्हाईक नसलं की तोबरा बांधून घोडे उभ्याउभ्या डुलक्या घ्यायचे, एक मागचा पाय सैल सोडून, खुराचं टोक टेकवून.

तुमच्या चित्रातले घोडे फार नीटनेटके आहेत, बाई. टांग्याच्या घोड्याच्या खांद्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असायचे. तांबड्या घोड्यावर पांढरे. मी वडलांना विचारलं, हा रंगच असा का? ते म्हणाले, सामान घासून जखम होते, ती भरली की वर पांढरे केस येतात. काम केलेल्या घोड्याची ती खूण. तुमच्या नऊही घोड्यांपैकी एकानंही काम केल्यासारखं दिसत नाही.

रागावू नका. मनात आलं ते लिहिलं.

---

शिसपेन
२४ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

काका, रागावू कशी? मी तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि नऊही कागद जमिनीवर मांडून बसलेय. सगळे फोटोंवरून काढलेत, आणि ते फोटो प्रदर्शनासाठी न्हाऊमाखू घालून उभ्या केलेल्या घोड्यांचे. तुम्ही म्हणता ते खरं आहे.

---

तापीकाठचा
२४ नोव्हेंबर, रात्री ८:००

मी मूळचा नंदुरबारकडचा, नोकरीमुळे घणसोलीत. दत्तजयंतीला आमच्याकडे सारंगखेड्याला तापीच्या काठी घोड्यांचा बाजार भरतो. जाती बघायच्या असतील तर फोटो कशाला, तिथं या. मारवाडी, काठियावाडी, नुकरा, सगळे एका मैदानात.

तिथला जाणकार घोडा कसा बघतो ते सांगतो, चित्राला उपयोग होईल. आधी ओठ वर करून दात बघणार. मग भोवरे. कपाळावर, मानेवर, छातीवर केसांचे भोवरे कुठे आहेत त्यावर भाव ठरतो. मानेखालचा लांब भोवरा म्हणजे देवमण, तो शुभ. चारही पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी, त्याला मान. मग चालवून बघणार. रेवाल चाल असेल तर स्वाराच्या हातातला पाण्याचा पेला सांडू नये म्हणतात. शकुन-अपशकुनावर माझा विश्वास नाही, पण भोवरा हा त्या घोड्याचा अंगठ्याचा ठसाच समजा. दोन घोड्यांचे भोवरे तंतोतंत जुळत नाहीत. ताईंच्या एकाही घोड्याला भोवरा नाही, सगळे केस एका दिशेनं जातात.

रंगांचे शब्दही घ्या : कुमाईत म्हणजे तांबूस अंग आणि काळी आयाळ-शेपटी, अबलख म्हणजे अंगावर मोठे पांढरे चट्टे असलेला, मुश्की म्हणजे काळा. आजोबा घोड्याला 'ब्राउन' म्हणालं की उठून जायचे.

---

सानपाडा_स्केच
२५ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पेन्सिलींबद्दल एक इशारा, बाकी धाग्याला तोड नाही. माझ्या एका फ्रीजियनमध्ये काळ्याखाली जांभळ्याचे थर होते. खिडकीसमोरच्या भिंतीवर दोन वर्षं टांगला आणि जांभळा उडाला, घोडा मातकट हिरवट दिसतोय. कंपनीचं नाव घेत नाही. पेन्सिलीवर प्रकाशात टिकण्याची खूण असते, ती बघूनच घ्या. गुलाबी, जांभळे आणि काही केशरी रंग सर्वांत आधी दगा देतात. चित्र विकणार असाल तर हे बघणं आपलं कर्तव्य आहे.

---

शिसपेन
२५ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

हे फार महत्त्वाचं. मी फ्रीजियनसाठी इंडिगो आणि गडद सेपिया एकावर एक देते, काळी पेन्सिल अगदी शेवटी नाकपुडीच्या आत आणि पोटाखाली. नुसत्या काळ्यानं घोड्याचं भोक पडतं कागदाला. आणि मेणाच्या पेन्सिलींचा गडद थर काही दिवसांनी पांढुरका पडतो, तो रंग उडणं नव्हे, मेण वर आलेलं असतं. मऊ फडक्यानं हलकेच पुसलं की जातं.

भीमथडीबद्दल कुणीच बोललं नाही?

---

जुन्नरी_ठाणेकर
२५ नोव्हेंबर, रात्री ११:१०

मी बोलतो. राज्यगीतामुळे भीमथडी हा शब्द शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ आहे, पण घोडा डोळ्यांसमोर आणा म्हटलं तर कुणाच्या येत नाही.

भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. तिथली मूळची बुटकी, काटक तट्टं आणि सतराव्या-अठराव्या शतकात आलेले अरबी, तुर्की घोडे ह्यांच्या संकरातून हा घोडा घडला. तुमच्या घोडबंदरची गोष्ट इथं येऊन पोहोचते, ताई. बंदरावर उतरलेलं रक्त घाट चढून भीमेकाठी गेलं. मराठ्यांचं घोडदळ ह्याच्याच जिवावर दौडलं. सरकारी पागेतला घोडा घेणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. मूठभर दाणे आणि वाटेतल्या गवतावर दिवसाकाठी कोसच्या कोस जाणारं जनावर होतं ते. उंच, डौलदार घोडा तिथं उपाशी मेला असता.

'तट्टू' म्हटलं की लोक हसतात, ह्याचं मला वाईट वाटतं. आणि पुतळ्यांतले, चित्रांतले आपले सगळे घोडे विलायती थाटाचे, लांब पायांचे, हेही खटकतं.

राज्यं गेली, तोफा आणि पलटणी आल्या, घोडदळ संपलं. पण घोडा संपला नाही, कारण तो धनगरांनी सांभाळला. अलीकडेच जनावरांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं भीमथडीला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. म्हणजे तुमच्या मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झांस्कारीच्या पंगतीत तो आता कागदोपत्रीही बसलाय. पुणे, सातारा, सोलापूर, नगर जिल्ह्यांत मेंढरांच्या कळपामागे बिऱ्हाड लादून चाललेला जो घोडा दिसतो, तोच.

---

पशुवैद्य_पनवेल
२६ नोव्हेंबर, सकाळी ८:१५

त्यासाठी सोलापूरला जायची गरज नाही. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरांसकट फिरते तळ, घाट उतरून कोकणात येतात. भात कापून झालेलं असतं, शेतकरी आपल्या खाचरात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखत मिळतं. ह्या दिवसांत पनवेल-कर्जतच्या पट्ट्यात मी त्यांची जनावरं बघायला जातो. येत्या रविवारी एका वाड्यावर लसीकरण आहे. ताई, यायचं तर सकाळी सातला पनवेल स्टेशनबाहेर या. घोड्यांच्या मागून जायचं नाही आणि कुत्र्यांना हात लावायचा नाही, एवढं पाळा.

---

शिसपेन
२६ नोव्हेंबर, सकाळी ८:१७

येते. नक्की येते.

---

नौपाड्यातले_काका
२६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

पाठ बघून या.

---

शिसपेन
१ डिसेंबर, रात्री ११:५०

मंडळी, जाऊन आले. कालपासून लिहिते आहे आणि खोडते आहे. आता जसं झालं तसं लिहिते.

खाचरात धुकं होतं. कापलेल्या भाताची खोडं पायाला टोचत होती. मेंढरं आधी दिसलीच नाहीत, नुसता आवाज. घोडी बांधाजवळ उभी होती, पुढचे दोन्ही पाय दोरानं एकमेकांना बांधलेले, म्हणजे चरत लांब जाऊ नये. कुमाईत. माझ्या खांद्याइतकीही उंच नाही. मान जाड, डोकं जरा मोठं, पाय आखूड आणि घोट्याशी सुबक. खूर छोटे आणि दगडासारखे. तिला नाल नव्हती.

काका, पाठ बघितली. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे पुंजके आहेत, डावीकडे रुपयाएवढे दोन, उजवीकडे एक लांबट, दोर जिथं येतो अगदी तिथं. मला तुमच्या टांग्याचा घोडा दिसला.

तापीकाठचे दादा, भोवरा कपाळावर आहे, डोळ्यांच्या रेषेच्या किंचित वर, उजव्या अंगाला सरकलेला. डॉक्टरांनी बॅटरी मारली तेव्हा बाहुलीच्या कडेचे दाणेही पाहिले. काळे, ओलसर.

मी बांधावर बसून काढायला लागले. दोन तास तिनं मला बघितलं नाही. मग एकदम एक कान माझ्याकडे वळवला, दुसरा मेंढरांकडेच, आणि तशीच राहिली. नऊ घोडे काढले तेव्हा मी घोड्यांकडे बघत होते. ही पहिली, जिनं माझा अंदाज घेतला.

वाड्यावरच्या मावशी पोराला कडेवर घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चांगलीय. पर आमची न्हाय वाटत."

मी विचारलं, काय चुकलं, मावशी?

"पाठीव काय न्हाय की तिच्या. मोकळी घोडी कुनाची बी असती."

मग त्यांनी घोडी लादून दाखवली. मुक्काम हलवायचा नव्हता, केवळ माझ्यासाठी. आधी जुनी वाकळ, तिच्यावर गोणपाट, दोन्ही अंगांना झोळ्या. एका झोळीत भांडी आणि तवा, दुसरीत दोन दिवसांचं कोकरू, डोकं तेवढं बाहेर. वर उलटी ठेवलेली बाज, तिच्या पायाला दोरीनं बांधलेल्या दोन कोंबड्या. हे सगळं होईपर्यंत घोडी हलली नाही. शेवटचा दोर आवळताना फक्त पोट फुगवलं. मावशींनी गुडघा टेकवला, ती श्वास सोडेपर्यंत थांबल्या आणि मग गाठ मारली. "दर टायमाला फुगवती," म्हणाल्या, आणि तिच्या मानेवर थाप मारली.

घरी येऊन दुसरा कागद घेतला. घोडीला बर्न्ट सिएनावर सेपिया, पायांना आणि आयाळीला इंडिगो. मागे दुसरा मुलूख काढायची गरज पडली नाही, खाचर आणि धुकंच आहे. कोकराचं डोकं काढायला घोडीच्या डोक्यापेक्षा जास्त वेळ लागला. मावशींना रंगीत झेरॉक्स नेऊन द्यायची आहे, डॉक्टर पुढच्या महिन्यात परत जाणार आहेत, तोपर्यंत वाडा कुठे असेल ते त्यांनाच ठाऊक.

पाठीवरचे पांढरे केस ओझ्याखाली झाकले गेले. एकच पुंजका वाकळेच्या कडेला दिसतो. तिथं आधी रिफिलनं खोबण पाडायची विसरले, थर चढून गेले होते, म्हणून ब्लेडच्या टोकानं एकेक केस खरवडून काढला. चित्राचा फोटो उद्या सकाळच्या उजेडात काढून इथं टाकते.